कंसातील आकडा : लिनक्स कर्नलच्या यूएसबी-संयोजनेतील टिपांविषयी

मराठीत तांत्रिक गद्याची चर्चा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. अमुक शब्द संस्कृतनिष्ठ असावा की रूढ असावा, एवढाच वाद रंगतो. परंतु तांत्रिक गद्याचा एक प्रकार असा आहे की, त्याची परीक्षा केवळ शब्दांवरून होऊ शकत नाही. जे गद्य वाचून वाचकाने तत्काळ होय किंवा नाही असे उत्तर द्यावयाचे असते, आणि उत्तर चुकल्यास ते सुधारण्याचे साधनच त्याच्या हातातून निसटते, त्या गद्याची चिकित्सा जबाबदारीच्या अंगाने व्हावयास हवी. लिनक्स कर्नलची बांधणी करताना यूएसबी-नियंत्रकांविषयी जे प्रश्न विचारले जातात त्यांच्या जोडीला दिलेल्या टिपा हे अशा गद्याचे ठळक उदाहरण होय. प्रत्येक टीप काही ओळींचीच असते, परंतु त्या ओळींवर एखाद्या यंत्राचा कळफलक चालेल की नाही, हे अवलंबून असते.

या टिपांचे परीक्षण करण्यापूर्वी त्यांचा विषय थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. यूएसबीच्या व्यवस्थेत बोलण्याचा प्रारंभ नेहमी संगणकाकडून होतो. कळफलक किंवा पेनड्राइव्ह स्वतःहून बोलू शकत नाही, त्याला विचारावे लागते. हे विचारण्याचे काम संगणकातील ज्या भागाकडे असते त्यास होस्ट कंट्रोलर, म्हणजे यजमान-नियंत्रक, म्हणतात. कर्नलने या नियंत्रकाशी कोणत्या रीतीने व्यवहार करावयाचा, हे ठरविणाऱ्या चार प्रमुख पद्धती कालक्रमाने निर्माण झाल्या. पहिल्या दोन पद्धती जवळजवळ जुळ्या आहेत. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमिकंडक्टर या कंपन्यांनी मिळून ओएचसीआय सिद्ध केली, तर इंटेलने १९९६ मध्ये यूएचसीआय पुढे आणली. पहिलीत बरेचसे काम नियंत्रकाचे यंत्रांग स्वतः करते, दुसरीत ते कर्नलवर सोपविलेले असते. दोहोंचा वेग एकच : सेकंदाला १.५ किंवा १२ मेगाबिट. पुढे २००० मध्ये यूएसबी २.० हे मानक आले आणि ४८० मेगाबिटांचा तिसरा वेग त्यात समाविष्ट झाला. त्यासाठी २००२ मध्ये ईएचसीआय निश्चित झाली. शेवटी यूएसबी ३.० च्या २००८ मधील मानकास अनुसरून २०१० मध्ये एक्सएचसीआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

कर्नलची संयोजना ज्या साधनाने केली जाते त्याचे नाव केकॉन्फिग. रोमन झिपेल यांनी रचलेले हे साधन २००२ च्या अखेरीस २.५.४५ या आवृत्तीत कर्नलमध्ये आले. त्याची प्रश्नशैली अतिशय मितभाषी आहे. प्रथम एका ओळीचे शीर्षक, मग तीन उत्तरांची मुभा : कर्नलमध्येच अंतर्भूत करावे, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवावे, अथवा वगळावे. ज्याला शीर्षकावरून निर्णय करता येत नाही त्याने साहाय्यटीप उघडावी, अशी योजना आहे. तात्पर्य, शीर्षक सर्वांच्या डोळ्यांखालून जाते, तर टीप केवळ शंकिताच्या. ज्याला शंकाच येत नाही त्याच्यापुरते शीर्षक हेच संपूर्ण पुस्तक असते. म्हणून या रचनेत शीर्षकाचा दोष टिपेत धुऊन निघत नाही.

आता ही चार शीर्षके एका खाली एक ठेवून वाचावीत. ईएचसीआयपुढे कंसात यूएसबी २.० असे लिहिले आहे. ओएचसीआयपुढे यूएसबी १.१, एक्सएचसीआयपुढे यूएसबी ३.०. यूएचसीआयपुढे मात्र आकडा नाही. तेथे बहुतेक इंटेल व व्हिया, अशी उत्पादकांची नावे आहेत. म्हणजे तीन कंस पिढी सांगतात आणि चौथा कंस घराणे सांगतो. वस्तुतः ओएचसीआय आणि यूएचसीआय यांची पिढी एकच आहे, परंतु ते शीर्षकांवरून कळावयास मार्ग नाही. ज्याला यूएसबी १.१ हवे तो ओएचसीआयला होय म्हणून समाधान पावेल, आणि त्याच्या यंत्रात इंटेलचा जुना नियंत्रक असल्यास त्याचा होकार व्यर्थ जाईल.

तथापि हा दोष त्यामानाने लहान आहे. खरा दोष ईएचसीआयपुढील कंसात आहे. यूएसबी २.० हे मानक आणि ईएचसीआय ही नियंत्रकपद्धती या दोन गोष्टी समव्याप्त नाहीत. मानकात तिन्ही वेग येतात, तर ईएचसीआयचा नियंत्रक स्वतःच्या पोर्टांवर केवळ सर्वांत वेगवान उपकरणाशीच बोलतो. मंद उपकरण जोडले गेले की तो त्या पोर्टाचा ताबा सोडतो आणि शेजारी बसविलेल्या यूएचसीआय किंवा ओएचसीआय नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्या सोबत्याकडे, ते उपकरण सोपवितो. आता सामान्य कळफलक हे अत्यंत मंद उपकरण आहे. सेकंदाला दीड मेगाबिट त्यास पुरून उरतात. अशा सोबतीच्या रचनेच्या यंत्रात ज्याने ईएचसीआयला होय आणि सोबत्याला नाही म्हटले, त्याचा पेनड्राइव्ह उत्तम चालतो व कळफलक मूक राहतो. नवे मानक जुन्याला पोटात घेते, हा त्याचा समज मानकाविषयी बरोबरच होता. कंसाने त्याला तो समज नियंत्रकावर लादावयास लावले.

येथे असा आक्षेप संभवतो की, टिपेत सोबत्याचा उल्लेख आहेच. तो आहे, आणि स्पष्टही आहे. मंद उपकरणे सोबत्याकडे जातात, हे टीप सांगते व सोबत्याचाही ड्रायव्हर निवडावा असे सुचविते. परंतु ही सूचना ज्या स्वरात केली आहे तो स्वर विचारार्ह आहे. तो बहुधाचा स्वर आहे. अमुक केलेले बरे, असा. वास्तविक पाहता येथे दोन पृथक् परिस्थिती आहेत. ज्या यंत्रात सोबती आहे त्यात त्याचा ड्रायव्हर अनिवार्य आहे. ज्या यंत्रात सोबतीच नाही त्यात तो निरुपयोगी आहे. इंटेलच्या २०११ मधील ६-मालिकेच्या चिपसेटांत सोबत्याऐवजी नियंत्रकाच्या पाठोपाठ एक हब कायमचा बसविलेला आढळतो, आणि मंद उपकरणांचे भाषांतर तो हब करतो. एका परिस्थितीत शंभर टक्के व दुसरीत शून्य असलेली गरज, दोहोंची सरासरी काढून बहुधा या एका शब्दात बसविली म्हणजे वाक्य सौम्य होते, खरे होत नाही.

शिवाय दोन नकारांचे वजन सारखे नाही, ही गोष्ट टीप सांगतच नाही. सोबती असलेल्या यंत्रात ईएचसीआय वगळली तर तिच्या एका नोंदीतील बिट शून्यच राहतो आणि सर्व पोर्ट आपोआप सोबत्यांकडे जातात. पेनड्राइव्ह ४८० ऐवजी १२ मेगाबिटांनी चालेल, म्हणजे चाळीसपट मंद, पण चालेल. याउलट सोबती वगळला तर कळफलक चालणारच नाही. पहिली चूक गैरसोय उत्पन्न करते, दुसरी चूक यंत्राचे दार बंद करते. निर्णय घेणाऱ्याला जर एकच गोष्ट सांगावयाची असेल तर ती हीच होय. या टिपेत वेगाचा आकडा मेगाबिटांत व मेगाबाइटांत असा दोनदा दिला आहे. नकाराचा परिणाम एकदाही नाही.

एक्सएचसीआयकडे वळताच तोच कंस नेमकी उलट चूक घडवून आणतो. ईएचसीआयची व्याप्ती तिच्या मानकाहून लहान होती. एक्सएचसीआयच्या नियंत्रकाला मात्र सोबती लागत नाही. दीड मेगाबिटांपासून पाच गिगाबिटांपर्यंत सर्व उपकरणे तो स्वतःच सांभाळतो. यूएसबी ३.० हा आकडा आणि टिपेतील अतिवेगाचा उल्लेख वाचून एखाद्याच्या मनात साहजिकच येईल की, अतिवेगवान उपकरण जवळ नाही तर या ड्रायव्हरची गरज काय ? ज्या यंत्रात दोन्ही प्रकारचे नियंत्रक आहेत तेथे हा तर्क निभावून जाईल. परंतु इंटेलच्या २०१५ मधील १००-मालिकेच्या चिपसेटांतून ईएचसीआय काढून टाकण्यात आली. तशा यंत्रात एक्सएचसीआयला नाही म्हणणे म्हणजे जुन्यातल्या जुन्या कळफलकालाही नाही म्हणणे होय. याचा प्रत्यय लिनक्सबाहेरही आला. २००९ मधील विंडोज ७ च्या स्थापना-चकतीत एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे या नव्या यंत्रांवर स्थापनेच्या पहिल्याच पडद्यावर कळफलक व माउस दोन्ही निश्चल होत. उपकरणे जुनी होती, मानक जुने होते. नवी होती ती केवळ मधली पद्धती, आणि तेवढ्याने सारा व्यवहार थांबला.

एकाच व्याकरणाचे दोन कंस, एकाने व्याप्ती फुगविली व दुसऱ्याने ती आकुंचित केली. यावरून दोष आकड्यात नसून समीकरणात आहे, हे दिसून येते. मानक हा उपकरण आणि यजमान यांच्यातील करार आहे, तर नियंत्रकपद्धती हा नियंत्रक आणि कर्नल यांच्यातील करार आहे. कर्नलची बांधणी करणाऱ्याला विचारला जातो तो दुसऱ्या कराराविषयीचा प्रश्न. कंस त्याला उत्तर सुचवितो ते पहिल्याचे.

यूएचसीआयची टीप निराळ्या कारणाने लक्ष वेधून घेते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत जसे थर दिसतात तसे ते येथे दिसतात. टीप म्हणते की, अलीकडचे सर्व इंटेल बोर्ड या पद्धतीचे आहेत, आणि उदाहरणे देते ती ४३०टीएक्स, ४४०बीएक्स, आय८१० अशा चिपसेटांची. ही नावे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत. अलीकडचे हा शब्द लिहिला गेला तेव्हा तो खरा होता. शब्द तसाच राहिला व काळ पुढे गेला. त्याच टिपेत, होय म्हणावे परंतु खाली पहावे, अशा अर्थाची एक सूचना आहे. आणि खाली पाहण्याजोगे काही सापडत नाही. तिचे मूळ कर्नलच्या २.४ या मालिकेत शोधावे लागते. २००१ मध्ये प्रारंभ झालेल्या त्या मालिकेत यूएचसीआयसाठी दोन प्रतिस्पर्धी ड्रायव्हर होते आणि त्यांतून एकाची निवड करावयाची असे. पुढे एकच ड्रायव्हर उरला. निवडच राहिली नाही, पण निवडीची सूचना मागे राहिली. कार्यक्रमाचा मजकूर जुना झाला तर यंत्र ते दाखवून देते. भोवतालच्या गद्याचा मजकूर जुना झाला तर यंत्र मौन पाळते. म्हणून अशा गद्याची देखभाल वाचकांनीच करावी लागते.

या चार टिपांत ओएचसीआयची टीप सर्वांत सरस आहे, आणि तिचे सरसत्व कशात आहे हे पाहणे उद्बोधक ठरेल. ती प्रथम पद्धतीचे स्वरूप एका वाक्यात सांगते, मग कोणत्या यंत्रांत ती आढळते हे सांगते, आणि शेवटी ज्याला आपल्या यंत्राची माहिती नाही त्याला ती कशी मिळवावी हे दाखवून देते : एलएसपीसीआय ही आज्ञा सविस्तर रूपात चालवावी व नियंत्रकापुढील पद्धतीची नोंद वाचावी. ही नोंद अनुमानावर आधारलेली नाही. पीसीआय जोडणीवरील प्रत्येक यूएसबी-नियंत्रक आपल्या वर्गाच्या आकड्यानंतर एक पद्धतिदर्शक आकडा धारण करतो. षोडशमान पद्धतीने ०० म्हणजे यूएचसीआय, १० म्हणजे ओएचसीआय, २० म्हणजे ईएचसीआय आणि ३० म्हणजे एक्सएचसीआय. यंत्र स्वतःच आपली जात सांगत असताना वाचकाला उत्पादकांच्या व चिपसेटांच्या नामावळ्या पाठ करावयास लावणे व्यर्थ आहे. खेद एवढाच की, हे मार्गदर्शन चारांपैकी एकाच टिपेत आहे, आणि ती टीप तोच उघडील ज्याला ओएचसीआयविषयी शंका आली असेल.

उत्तरांपैकी मॉड्यूल हे उत्तरही निरुपद्रवी नाही. मॉड्यूल म्हणजे कर्नलपासून अलग ठेवलेली व गरज पडताच चकतीवरून आणावयाची वस्तू. परंतु मूळ चकतीच यूएसबीवर असेल तर ड्रायव्हर चकतीत आणि चकती ड्रायव्हरच्या पलीकडे, अशी अवस्था होते; किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप घालण्यासारखेच ते. प्रारंभिक चकतीप्रतिमेत ते मॉड्यूल घातले असेल तरच यातून सुटका होते. शिवाय मॉड्यूलांच्या क्रमालाही महत्त्व आहे. सोबत्याचा ड्रायव्हर आधी व ईएचसीआयचा नंतर चढला तर आधी ओळखलेली उपकरणे मध्येच तुटून पुन्हा जोडली जातात. ईएचसीआयचा ड्रायव्हर मुख्यतः ज्यांनी लिहिला त्या डेव्हिड ब्राउनेल यांच्या कामाला हे अपरिचित नव्हते. असा विपरीत क्रम आढळल्यास तो ड्रायव्हर नोंदवहीत इशारा लिहितो. प्रश्न विचारताना मात्र त्याचा उच्चार नाही.

या साऱ्या चुकांना एक गोष्ट अधिकच फसवी बनविते. यंत्र सुरू होताना कळफलक प्रथम बायॉसच्या ताब्यात असतो. बूटलोडरच्या यादीत तो व्यवस्थित चालतो, वापरणारा त्यानेच कर्नल निवडतो, आणि पुढच्या क्षणी कर्नल नियंत्रकाचा ताबा मागून घेतो. ईएचसीआयमध्ये या हस्तांतरासाठी दोन स्वतंत्र बिट राखून ठेवलेले आहेत, एक बायॉसच्या मालकीचा व दुसरा कर्नलच्या मालकीचा. ताबा गेला, आणि घेणाऱ्याजवळ सोबत्याचा ड्रायव्हर नसला, की कळफलक शांत होतो. क्षणापूर्वी चालणारी वस्तू बंद पडलेली पाहून माणूस दोष तारेला देतो, पोर्टाला देतो, कळफलकाला देतो. आपण काही दिवसांपूर्वी एका कंसावर विश्वासून दिलेले उत्तर त्याला आठवत नाही. आठवले तरी ते बदलण्याची आज्ञा लिहावयाची ती त्याच कळफलकाने.

या टिपांच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडले जाऊ शकतात. पहिला असा की, बहुसंख्य वापरणाऱ्यांना तयार कर्नल मिळतो व त्यात हे सर्व ड्रायव्हर आधीच असतात; स्वतः बांधणी करणारा जाणता असतो. हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु जाणता हा शब्द येथे फार सैल आहे. लहान यंत्रासाठी कर्नल आटोपशीर करू पाहणारा विद्यार्थी आपल्या क्षेत्रात जाणता असूनही नियंत्रकांच्या वंशावळीत अजाण असू शकतो, आणि नको ते वगळण्याचा उद्योग करतो तो नेमका तोच. यू-बूट या बूटलोडरनेही २०१४ मध्ये केकॉन्फिग स्वीकारले आणि ईएचसीआय, ओएचसीआय, एक्सएचसीआय हीच नावे तेथेही निवडीस आली. जागेची काटकसर तेथे अधिक, म्हणून वगळण्याचा मोहही अधिक.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. दोन पर्यायांचे अवलंबन केकॉन्फिगच्या व्याकरणातच व्यक्त करता येते. मग ते गद्यात सांगण्याचा आग्रह का? याचे उत्तर असे की, ते व्याकरण पर्यायांमधील संबंध जाणते, यंत्रांमधील नव्हे. ईएचसीआय निवडली म्हणून यूएचसीआय हवी की ओएचसीआय, की दोन्ही नकोत, हे ज्या यंत्रावर कर्नल चालावयाचा त्या यंत्रावर ठरते, आणि ते यंत्र बांधणीच्या वेळी समोर असेलच असे नाही. जेथे औपचारिक व्याकरणाची सत्ता संपते तेथेच गद्याची सुरू होते. म्हणून गद्य हे येथे अलंकार नसून यंत्रणेचाच शेवटचा भाग आहे.

आणि अशी काळजी घेता येते, याचा पुरावा याच कर्नलमध्ये आहे. इंटेलच्या २०१२ मधील ७-मालिकेच्या चिपसेटांत काही पोर्ट ईएचसीआयकडून एक्सएचसीआयकडे वळविता येतात. ते वळविण्यापूर्वी कर्नल स्वतःची संयोजना तपासतो. एक्सएचसीआयचा ड्रायव्हर वगळलेला असेल तर पोर्ट वळवीत नाही, कारण तसे केल्यास ते मृतवत् होतील, आणि हा निर्णय नोंदवहीत लिहून ठेवतो. वापरणाऱ्याच्या नकाराचा परिणाम काय होईल, याचा विचार कोणीतरी केला व तो संहितेत उतरविला. टिपांकडून याहून वेगळे काही मागितलेले नाही.

शीर्षकातील कंसात मानकाचा आकडा न देता व्याप्ती द्यावी : ईएचसीआय, केवळ ४८० मेगाबिटांची उपकरणे, एक्सएचसीआय, सर्व वेगांची उपकरणे. प्रत्येक टिपेत यंत्रालाच विचारण्याची रीत एका वाक्यात द्यावी. आणि नाही म्हटल्यास काय बंद पडेल, हे शेवटच्या वाक्यात सांगावे. या तीन सुधारणांना मिळून अर्धे पानही लागणार नाही. संगणकाच्या गद्याने वाचकाला सर्वज्ञ करावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याचा हात ज्या दारावर आहे ते दार आतून उघडते की बाहेरून, एवढे तरी त्याने सांगितले पाहिजे.